करड्या ट्रॅक्टरचा हॅरी फर्ग्युसन

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला की आपल्याकडे आधी रंग ठरतो, मॉडेल मागाहून. वडिलांनी लाल घेतला म्हणून मुलगा लाल घेतो. भावकीत बांधावरून वाद असेल, तर त्यांच्या दारात लाल आहे एवढ्याच कारणाने आपल्या दारात निळा येतो. कुणी आपल्या कंपनीला नाव ठेवलं तर माणसं पारावर तावातावाने भांडतात, जणू कंपनीत यांचा हिस्सा आहे! ट्रकवाल्यांचंही तेच. एकदा ज्या गाडीवर हात बसला, ती गाडी पुढच्या पिढीपर्यंत चालते.

ही निष्ठा अगदीच आंधळी असते असं मी म्हणणार नाही. गावातल्या मिस्त्रीला कुठलं इंजिन उघडता येतं, तालुक्याला स्पेअर मिळतो का, ऐन पेरणीत मशीन बंद पडलं तर डिलरचा माणूस येतो की नुसता हो हो म्हणतो, हे सगळं बघूनच शेतकरी एका नावाला चिकटतो. त्यात व्यवहार आहे. पण ज्या नावाला आपण चिकटतो ते नाव कुणाचं, ते कसं आलं आणि किती हातांतून फिरलं, हे सहसा कुणी विचारत नाही.

मॅसी फर्ग्युसनचंच घ्या. आपल्याकडे नुसतं मॅसी म्हणतात. मागचा फर्ग्युसन बोलताना गिळला जातो. आज त्या गिळलेल्या नावाच्या माणसाची हकिगत सांगायची आहे, कारण ट्रॅक्टर लाल असो, निळा असो की हिरवा, त्याच्या मागच्या बाजूला या माणसाचं डोकं बसवलेलं आहे. (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजशी याचा संबंध नाही. ते नाव मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचं. आमच्याकडच्या एका प्रशिक्षणात हा प्रश्न आला होता, म्हणून सांगून टाकलं.)

हॅरी फर्ग्युसन हा शेतकऱ्याचा मुलगा. आयर्लंडच्या उत्तर भागात डाउन परगण्यात ग्रोवेल नावाचं खेडं आहे, तिथे ४ नोव्हेंबर १८८४ रोजी त्याचा जन्म झाला. अकरा भावंडांतला हा चौथा. घरची शेती सुमारे शंभर एकर, म्हणजे तिथल्या मानाने खाऊनपिऊन सुखी घर. पण वडील अत्यंत कडक, धर्माच्या बाबतीत तर फारच. पोराला ना शेतातली अंगमेहनत आवडायची, ना वडिलांचा धर्म. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. चार वर्षं शेतात राबला आणि १९०२ मध्ये थोरल्या भावाच्या बेलफास्टमधल्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथे मात्र त्याचा हात चांगला चालू लागला. बिघडलेलं इंजिन आवाजावरून ओळखण्यात त्याचं नाव झालं.

तेव्हा विमानं नुकतीच उडू लागली होती. या गड्याने स्वतः विमान बांधायला घेतलं. दुकानातच सांगाडा केला, भावाला पटवून पैसे घातले, आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो इथे भर वाऱ्यात ते सुमारे १३० यार्ड उडवून दाखवलं. आयर्लंडमध्ये माणसाने विमान उडवल्याची ही पहिली नोंद. पुढे अपघात झाले आणि भावाशी खटकेही उडाले. १९११ मध्ये त्याने बेलफास्टलाच स्वतःचा मोटारींचा धंदा काढला. भांडण हा त्याच्या आयुष्यातला कायमचा सोबती होता, हे पुढे दिसेलच.

पहिलं महायुद्ध आलं. समुद्रात जहाजं बुडत होती, बाहेरचं धान्य येईना, तेव्हा सरकारने जास्तीत जास्त जमीन नांगराखाली आणायचं ठरवलं. फर्ग्युसनकडे तेव्हा ओव्हरटाइम या अमेरिकन ट्रॅक्टरची एजन्सी होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेतकी खात्याने त्याला काम दिलं, की गावोगाव फिरायचं, सरकारी ट्रॅक्टर कसे चालतात ते बघायचं आणि नांगरट सुधारायची. म्हणजे आमच्या विस्तार खात्यासारखंच काम म्हणा! विली सँड्स नावाचा त्याचा कारागीर सोबत होता. हा सँड्स पुढे आयुष्यभर त्याच्याबरोबर राहिला. फर्ग्युसनच्या डोक्यातली कल्पना लोखंडात उतरवायची ती त्यानेच. त्याचं नाव कुठल्याच बॉनेटवर लागलं नाही.

दोघांनी त्या फेरीत जे बघितलं ते असं. ट्रॅक्टर म्हणजे तेव्हा लोखंडी धूड. त्याच्या मागे साखळीने किंवा दांडीने नांगर बांधलेला, बैलामागे बांधावा तसा. नांगराला स्वतःची चाकं, स्वतःच्या दांड्या, आणि त्या ओढायला वेगळा माणूस. वळताना बांधाला एवढी जागा सोडायची की लहान शेतात निम्मं रान नांगरटीवाचून राहायचं. धूड जड असल्याने ओल्या जमिनीत रुतायचं, आणि वजन कमी केलं तर चाकं जागेवर फिरायची. फर्ग्युसनच्या मनाने तिथेच घेतलं की नांगर ट्रॅक्टरच्या मागे बांधायचा नाही, ट्रॅक्टरलाच जोडायचा. दोन्ही मिळून एकच औजार झालं पाहिजे.

त्याच वर्षी त्याने बिनचाकाचा हलका नांगर केला. तो मोटारीला जोडून तिचा ट्रॅक्टर करण्याच्या एका संचासाठी होता. नांगर चांगला निघाला, पण तेवढ्यात हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला आणि त्या संचाचं गिऱ्हाईकच गेलं. मग त्याने फोर्डसनसाठी वेगळा नांगर बनवला.

फोर्डसन स्वस्त होता आणि हजारोंनी खपत होता, पण त्यात एक जीवघेणी खोड होती. मागचा नांगर दगडाला किंवा मुळीला अडकला की मागची चाकं थांबायची, इंजिन मात्र जोर करतच राहायचं, आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा पडायचा. किती माणसं त्यात गेली. फर्ग्युसनच्या जोडणीत नांगराचा वरचा दांडा ट्रॅक्टरला मागून पुढे रेटत असल्यामुळे तोंड उचललंच जायचं नाही. अमेरिकेतल्या इव्हान्सव्हिल गावी शर्मन बंधूंबरोबर भागीदारीत कारखाना काढून १९२५ पासून त्याने हे नांगर विकले. १९२८ मध्ये फोर्डने अमेरिकेत फोर्डसन काढणं बंद केलं. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर आपला नांगर विसंबला होता, आता ट्रॅक्टरच नाही म्हटल्यावर नांगर घेणार कोण? धंदा बसला.

पण तोवर खरी गोष्ट त्याच्या हाती लागली होती. ती समजून घ्यायला परदेशात जायला नको. आपल्या दारातल्या ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभं राहावं.

खाली दोन आर्म आहेत, वर मधोमध टॉप लिंक. औजार या तीन ठिकाणी अडकतं, म्हणून थ्री पॉइंट लिंकेज. नांगर जमिनीत घुसून चालू लागला की खालचे दोन आर्म ताणले जातात. नांगराचं वरचं टोक मात्र पुढे कलायला बघतं, म्हणून टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे ढकलते. जमीन कठीण लागली की हा ढकलण्याचा दाब वाढतो. फर्ग्युसनने टॉप लिंकच्या मुळाशी स्प्रिंग बसवली आणि ती हायड्रोलिकच्या व्हॉल्व्हला जोडली. दाब वाढला की स्प्रिंग दबते, व्हॉल्व्ह उघडतो आणि लिफ्ट नांगर किंचित वर घेते. दाब कमी झाला की नांगर पुन्हा खाली. चालवणाऱ्याने हात लावायचा नाही, ट्रॅक्टर आपलं आपण करतो. शिवाय नांगर उचलताना त्याचं आणि वर आलेल्या मातीचं वजन मागच्या चाकांवर पडतं, म्हणून चाकं घसरत नाहीत. एरवी दुप्पट वजनाच्या ट्रॅक्टरने करायचं काम हलका ट्रॅक्टर करून जातो. या हायड्रोलिकचं पेटंट त्याने १९२०च्या दशकाच्या मध्याला घेतलं, आणि आज दिसते ती जोडणी बसायला पुढे आणखी काही वर्षं गेली. आताच्या मोठ्या ट्रॅक्टरवर हा दाब टॉप लिंकऐवजी खालच्या आर्मवरही मोजतात. तत्त्व तेच.

इथे जरा थांबून कामाचं सांगतो. आपल्या ट्रॅक्टरला सीटशेजारी हायड्रोलिकच्या दोन दांड्या असतात, एक पोझिशनची, दुसरी ड्राफ्टची. गावोगाव बघतो, तर नांगरट असो की पेरणी, सगळं एकाच पोझिशनच्या दांडीवर चालतं. ड्राफ्टची दांडी कित्येक ठिकाणी गंजून बसलेली असते. फर्ग्युसनने आयुष्य घातलं ती दांडी हीच. नांगरटीला ड्राफ्ट वापरावा. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, फवारणीचा पंप, म्हणजे जिथे औजार ठरावीक उंचीवर राहायला हवं, तिथे पोझिशन. नांगराला पोझिशन लावून ठेवली तर चढ-उताराच्या आणि कमी-जास्त कठीण रानात इंजिन दबतं, चाकं घसरतात, डिझेल आणि टायर दोन्ही जातात. दांड्या कशा लावायच्या ते कंपनीच्या पुस्तकात चित्रासह दिलेलं असतं. पुस्तक बहुधा आरसी बुकाच्या पिशवीत घडी न मोडता पडलेलं असतं.

आता पुढची हकिगत. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर विसंबून राहण्यात काय होतं ते कळल्यामुळे फर्ग्युसनने स्वतःचाच ट्रॅक्टर केला. १९३३ चा तो पहिला नमुना काळ्या रंगाचा होता. मग इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राउन या गिअर बनवणाऱ्या कारखानदाराबरोबर १९३६ पासून तो विक्रीला आणला. रंग करडा, लढाऊ जहाजाला देतात तसला. साडेतेराशेच्या आसपास ट्रॅक्टर निघाले, पण खप हळू. फोर्डसनपेक्षा हा महाग, आणि गंमत अशी की शेतकऱ्याकडची जुनी ओढायची औजारं याच्या कामाची नाहीत. फर्ग्युसनचा ट्रॅक्टर घ्यायचा तर नांगरही त्याचाच, कल्टिव्हेटरही त्याचाच. एकदा घेतला की माणूस त्याच कंपनीत बांधला गेला. हे शेतकऱ्याच्या सोयीसाठी होतं की धंद्यासाठी? माझ्या मते दोन्ही. ब्राउनला ट्रॅक्टर मोठा करायचा होता, फर्ग्युसनला एक बोल्टही बदलायचा नव्हता. दोघांचं फाटलं.

ऑक्टोबर १९३८ मध्ये फर्ग्युसन आपला करडा ट्रॅक्टर जहाजावर घालून अमेरिकेला गेला आणि थेट हेन्री फोर्डच्या डिअरबॉर्न इथल्या घराजवळच्या रानात उतरला. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, तोही शेतातली मेहनत टाकून आलेला. फोर्डसनला शेजारी उभं करून नांगरट झाली. छोटा ट्रॅक्टर सहज पुढे गेला. मग घरातून एक टेबल आणि खुर्च्या बाहेर मागवल्या. फर्ग्युसनने स्प्रिंगवर चालणारा खेळण्याएवढा नमुना टेबलावर ठेवून जोडणीचं मर्म दाखवलं. तिथेच बोलणं झालं. ट्रॅक्टरची रचना आणि विक्री फर्ग्युसनकडे, बनवायचं काम फोर्डकडे, आणि कुणालाही कधीही बाजूला होता येईल. दोघांनी हातात हात दिला. कागद नाही, सही नाही, साक्षीदाराचा अंगठाही नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या कारखानदारांपैकी एकाने कोट्यवधींचा व्यवहार आपल्याकडच्या बैलबाजारासारखा केला. बैलबाजारात निदान रुमालाखाली बोटं तरी मोजतात.

जून १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर निघाला. किंमत ५८५ डॉलर. हाही करडाच. १९४७ पर्यंत तीन लाखांवर ट्रॅक्टर विकले गेले. अमेरिकेतल्या लहान शेतकऱ्याने बैल-घोडे सोडले त्यात या ट्रॅक्टरचा मोठा वाटा. पुढच्या बाजूला फोर्डचं नाव, त्याच्या खाली फर्ग्युसन सिस्टीम असा पट्टा. शेतकऱ्याच्या लेखी दोन्ही नावं एकच झाली होती.

मग म्हातारा फोर्ड थकला. १९४५ मध्ये त्याचा नातू दुसरा हेन्री फोर्ड याच्या हाती कारभार आला. नातवाने वह्या उघडल्या, तर ट्रॅक्टरमध्ये कंपनीला तोटा आणि फायदा सगळा विकणाऱ्याच्या पदरात. त्याने १९४६ च्या अखेरीस कळवून टाकलं की पुढच्या जूनच्या अखेरीपासून तुझे ट्रॅक्टर बंद. लगोलग फोर्डने विक्रीसाठी स्वतःची कंपनी काढली आणि १९४७ मध्ये नवा ट्रॅक्टर आणला. मागे तीच लिंकेज, तीच हायड्रोलिकची तऱ्हा, फक्त नाव एकट्या फोर्डचं. रंगात फरक केला, खालचा भाग लाल आणि वरचा पत्रा फिकट करडा.

आता अमेरिकेतल्या डिलरचा आणि शेतकऱ्याचा विचार करा. डिलरने आठ वर्षं गावोगाव फिरून फर्ग्युसनचं नाव रुजवलं. आता त्याच्या दुकानात औजारं आहेत पण ट्रॅक्टर नाही. पलीकडच्या दुकानात फोर्डचा नवा ट्रॅक्टर उभा आणि तीच औजारं त्याला बसतात. कित्येक डिलर पलीकडे गेले. शेतकऱ्यांपैकी काही फोर्डच्या नावामागे गेले, काही जोडणीच्या मालकामागे थांबले. कोण निष्ठावान आणि कोण फितूर, हे कसं ठरवायचं?

फर्ग्युसनने फोर्डवर दावा लावला, २५ कोटी १० लाख डॉलरचा. त्या काळातल्या सर्वांत मोठ्या दाव्यांपैकी तो एक. चार वर्षांहून जास्त खटला चालला, कागदपत्रांचे ढीग झाले, आणि एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली. फोर्डने ९२ लाख ५० हजार डॉलर दिले आणि हायड्रोलिकच्या काही भागांची रचना बदलायचं कबूल केलं. मागणीच्या मानाने रक्कम अगदीच थोडी. पण लिंकेज कुणाची हे सगळ्या जगासमोर ठरलं. पेटंटांच्या मुदती तोवर संपत आल्या होत्या, त्यामुळे बाकीच्या कंपन्याही तशीच जोडणी बसवू लागल्या. आज पिनांची मापं ठरलेली आहेत. कॅटेगरी एकला खालची पिन २२ मिलिमीटर आणि वरची १९, कॅटेगरी दोनला २८ आणि २५ मिलिमीटरच्या आसपास. एका कंपनीचा पल्टी नांगर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरला बसतो तो यामुळे. शेतकऱ्याला एका नावाशी बांधायला निघालेल्या माणसाच्या जोडणीनेच शेवटी शेतकऱ्याला मोकळं केलं.

खटला चालू होता तेव्हा इंग्लंडात त्याची गाडी जोरात होती. कॉव्हेंट्री शहरातल्या बॅनर लेन इथे स्टँडर्ड मोटार कंपनीच्या कारखान्यात १९४६ पासून त्याचा टीई-२० हा ट्रॅक्टर निघू लागला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांवर निघाले. हाच तो प्रसिद्ध करडा फर्ग्युसन. तिकडचे शेतकरी त्याला लाडाने लिटल ग्रे फर्गी म्हणत, म्हणजे आपला छोटा करडा. इंग्लंड-आयर्लंडमध्ये तो आजही जत्रांतून, शर्यतींतून मिरवतात, आणि काही ठिकाणी अजून काम करतो.

ही माया त्याने कशी मिळवली, ते आम्हा विस्तारवाल्यांनी शिकण्यासारखं आहे. जाहिरातीपेक्षा त्याचा भर प्रात्यक्षिकावर होता. विकणाऱ्या माणसाला स्वतः नांगरता आलंच पाहिजे, कपडे स्वच्छ पाहिजेत, तास सरळ पाहिजे. लहानशा चौकोनी जागेत, बांध न तुडवता, कोपऱ्यापर्यंत नांगरून दाखवायचं. शेतकऱ्याच्या पोराला सीटवर बसवायचं. स्टोनली इथे त्याने शाळा काढली, तिथे डिलर, मिस्त्री आणि शेतकरी शिकायला येत. ट्रॅक्टरबरोबर एक पान्हा मिळायचा, त्या एका पान्ह्याने औजारांचे नेहमीचे नट बसत, शिवाय त्यावर इंचाच्या खुणा असत, नांगराची खोली मोजायला. १९४८ मध्ये तर त्याने लंडनच्या क्लॅरिजेस या उंची हॉटेलच्या दिवाणखान्यात ट्रॅक्टर चालवून दाखवला आणि पायऱ्यांवरून खाली नेला. हे नाटक होतं खरं. पण शेतातलं प्रात्यक्षिक आधी चोख झालेलं होतं.

स्वभावाने मात्र हा माणूस कठीण. टेबलावरची पेन्सिल तिरकी असली तरी त्याला चालायचं नाही. दुसऱ्याने सुचवलेली सुधारणा तर मुळीच नाही. मोठा ट्रॅक्टर काढा, असं डिलर कितीतरी वर्षं सांगत होते.

१९५३ मध्ये त्याने आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक राहिला, तेव्हा त्याने चक्क नाणं उडवून ठरवायचं म्हटलं. तो हरला, आणि हसत मोकळा झाला. वर्षभरात त्या कंपनीशीही बिनसलं आणि १९५४ मध्ये तो बाहेर पडला. नाव मात्र कंपनीतच राहिलं.

रंगाच्या निष्ठेची सर्वांत मोठी गंमत इथून पुढची. मॅसी-हॅरिस लाल, फर्ग्युसन करडा. नव्या कंपनीला वाटलं, दोन्हीकडची गिऱ्हाइकं राखायची तर दोन्ही दुकानं वेगळीच ठेवावीत. झालं काय, की एकाच कंपनीचे लाल डिलर आणि करडे डिलर एकमेकांची गिऱ्हाइकं ओढू लागले. अमेरिकेतल्या लाल डिलरांनी तक्रार केली की आम्हाला फर्ग्युसनची लिंकेज नाही. मग कंपनीने १९५५ च्या अखेरीस त्यांना लाल रंगाचा एमएच-५० दिला. त्यावर करडे डिलर बिथरले. त्यांना १९५६ मध्ये एफ-४० दिला. दोन्ही ट्रॅक्टर आतून जवळजवळ एकच, फक्त वरचा पत्रा आणि रंग वेगळा. एका गावचे दोन शेतकरी एकाच यंत्राच्या दोन रंगांवरून हमरीतुमरीवर येत असतील, आणि कंपनीचा हिशेबनीस दोघांच्या पावत्या एकाच फायलीला लावत असेल.

हा दुहेरी खर्च कंपनीला झेपेना. १९५७ मध्ये दोन्ही दुकानं एक केली, बॉनेट लाल ठेवलं आणि खालचा सांगाडा करडा. १९५८ पासून कंपनीचं नाव मॅसी फर्ग्युसन. आपण ज्याला लाल मॅसी म्हणतो त्याचं इंजिन आणि चेसी खालून करडी दिसते, ती अशी दोन भावकींची तडजोड आहे. त्याच वर्षी ४ जानेवारीला एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी पट्टे चढवलेले फर्ग्युसन घेऊन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. मोटारीच्या बळावर जमिनीवरून ध्रुव गाठणारं हे पहिलं पथक.

हॅरी फर्ग्युसन शेवटी चारही चाकांना जोर देणाऱ्या मोटारीच्या मागे लागला होता. ओल्या रस्त्यावर गाडी घसरू नये हा त्याचा ध्यास, म्हणजे पुन्हा चाकाची पकड! इंग्लंडातल्या ॲबट्सवुड इथल्या आपल्या घरी २५ ऑक्टोबर १९६० रोजी तो वारला.

त्याच वर्षी मद्रासला टॅफे कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन भारतात बनू लागला. आधीच्या वर्षी फरीदाबादला आयशर निघाला होता. १९६३ मध्ये मुंबईत महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कंपनी काढली. पुढे फरीदाबादलाच एस्कॉर्ट्सने फोर्डचा ट्रॅक्टर आणला. म्हणजे तिकडे कोर्टात भांडलेले फोर्ड आणि फर्ग्युसन इकडे एकाच बांधाच्या दोन बाजूंना नांगरू लागले. फोर्डने १९९१ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा इटलीच्या फियाटकडे दिला. पुढे बॉनेटवरून फोर्ड हे नाव गेलं आणि न्यू हॉलंड राहिलं. निळा रंग तेवढा टिकला, आणि निळ्याचे भक्तही टिकले.

मॅसी फर्ग्युसन १९९४ मध्ये अमेरिकेच्या एजीसीओ कंपनीने विकत घेतला. कॉव्हेंट्रीचा तो बॅनर लेनचा कारखाना २००२ च्या अखेरीस शेवटचा ट्रॅक्टर काढून थांबला. भारतात टॅफे आणि एजीसीओ यांचं पुष्कळ वर्षं जमलं, मग २०२४ मध्ये फाटलं आणि नाव कुणाचं यावरून प्रकरण कोर्टात गेलं. २०२५ च्या मध्याला तडजोड झाली. भारत, नेपाळ आणि भूतान या तीन देशांत मॅसी फर्ग्युसन या नावाची मालकी टॅफेकडे आली. बाकीच्या जगात ते एजीसीओचं. हे भांडण चालू होतं तेव्हाही आपल्याकडे लाल मॅसी उसाच्या ट्रॉल्या ओढतच होते, आणि ज्यांच्या दारात ते उभे आहेत त्यांच्यापैकी फारच थोड्यांपर्यंत ही बातमी पोहोचली असेल.